आईच्या साक्षीची तारीख

आमच्या चर्चमध्ये पापाला फार मान होता. चालू पापाला नव्हे. केलेल्या, सोडलेल्या आणि चारचौघांत उभं राहून सांगितलेल्या पापाला. ज्याचं जुनं पाप मोठं त्याची साक्ष मोठी, आणि ज्याची साक्ष मोठी त्याला उपासनेनंतरच्या चहाबरोबर दोन बिस्किटं. माझ्या आईकडे असं एकही पाप नव्हतं. आयुष्यात ह्याची अडचण होईल असं तिला बिचारीला कधी वाटलं नव्हतं.

ही हकीकत वाशीतली, सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. खाडीवर पूल होऊन काही वर्षं झाली होती, तरी पुलापलीकडे येऊन राहणाऱ्याला मुंबईतले नातेवाईक वेड्यातच काढत. इमारती नव्या, रस्ते रुंद, माणसं तुरळक, आणि डास मात्र जुने, इथले हक्काचे रहिवासी. वारा एका बाजूनं आला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा वास यायचा, दुसऱ्या बाजूनं आला की खाडीचा. अशा ठिकाणी नगरकडची, नाशिककडची, पुण्याकडची काही ख्रिस्ती कुटुंबं नोकरीपायी येऊन पडली आणि त्यांनी सामान लावायच्या आधी मंडळी स्थापन केली. त्यांतलं एक घर आमचं.

आम्ही आजोबांपासूनचे अँग्लिकन. पुस्तकातल्या प्रार्थना, ठरल्या जागी उभं राहायचं, ठरल्या जागी गुडघे टेकायचे, तान्हेपणी बाप्तिस्मा आणि कळत्या वयात बिशपसाहेबांचा हात डोक्यावर ठेवून दृढीकरण. पण आमची मंडळी सुवार्तिक बाण्याची होती. म्हणजे नुसतं पुस्तक वाचून भागायचं नाही. माणूस पापी आहे, स्वतःच्या चांगुलपणानं तो सुटत नाही, त्याच्यासाठी ख्रिस्त मेला आणि उठला, आणि हे ज्याच्या काळजाला भिडलं त्यानं ते शेजाऱ्याला सांगायचं, असा एकूण विश्वास. शेवटचा भाग सोडला तर सगळं सोपं होतं. आमचा शेजारी भला माणूस होता, आणि पाणी आधी त्याच्या नळाला यायचं.

चर्चला इमारत नव्हती. एका शाळेतला तिसरीचा वर्ग रविवारी सकाळी मिळायचा. तिसरीच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसत, त्यामुळे सगळेच जात्याच नम्र दिसत. मास्तरांच्या टेबलावर पांढरी चादर घातली की ती वेदी. मागे फळ्यावर शनिवारचा सुविचार तसाच असायचा आणि भिंतीवर पाढ्यांचा तक्ता. वर्ग उघडायला शाळेचा शिपाई येई. तो तळवलीचा, त्याच्या भावकीची शेतं नव्या शहराखाली गेलेली. कुलूप लावायला परत कशाला यायचं म्हणून तो दाराशी स्टूल टाकून बसायचा आणि सगळी उपासना ऐकायचा. साक्षींच्या बाबतीत त्याच्याइतका जाणकार श्रोता आमच्यात कोणी नव्हता.

साक्ष म्हणजे काय ते सांगते. महिन्यातल्या एका रविवारी, प्रवचनानंतर, कोणीतरी उठून आपण पूर्वी कसे होतो, प्रभूनं आपल्याला केव्हा आणि कसं धरलं, आणि आता आपण कसे आहोत ते सांगायचं. सांगून झालं की सगळ्यांनी ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणायचं. माझे पप्पा मंडळीचे सेक्रेटरी, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, चहासुद्धा बेतानं पिणारे. नगरच्या बोर्डिंगात असताना त्यांनी एकदा विहिरीमागे एक बिडी ओढली होती, तिथेच त्यांना उलटी झाली होती, आणि त्यांनी कान धरले होते. पापाचं भांडवल म्हणाल तर एवढंच. पण त्यांनी ते वाढवलं. वाशीतल्या पहिल्या साक्षीत एकच बिडी होती. पुढच्या साक्षीत बिड्यांचं बंडल आलं. मग पत्ते आले. मी आठवीत जाईपर्यंत पप्पा दारूच्या गुत्त्याच्या पायरीशी पोचले होते, आणि तिथे प्रभूनं त्यांची कॉलर धरली.

“आता तिथेच थांबा,” आई घरी म्हणाली. “नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्यासाठी तुरुंगात डबा आणावा लागेल.”

शिपाईही मला एकदा हळूच म्हणाला, “तुजा बापूस दर टायमाला बिडी वाढवतो, नाय?”

शेजाऱ्याला सांगायच्या कामाचं म्हणाल, तर ते पप्पांनी आणि कमिटीतल्या इतरांनी बस डेपोवर पत्रकं वाटून केलं. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘तुमचे कायमचे घर निश्चित झाले आहे काय?’ त्या दिवसांत वाशीत कागद म्हटला की तो घरांच्या सोडतीचाच असायचा. लोकांनी पत्रकं अक्षरशः हिसकावून घेतली. पप्पा हर्षभरित होऊन घरी आले, आणि त्यांच्या मागोमाग जिना चढून एक गृहस्थ आले, अर्ज कुठे मिळतो ते विचारायला. पप्पांनी त्यांना बसवून घेऊन सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पाणी प्यायलं, आणि जाताना पुन्हा विचारलं, “पण ताबा कधी मिळतो?”

मंडळीचं खरं यश एकच होतं, ते म्हणजे आईचा वर्ग.

उपासनेच्या आधी शेजारच्या खोलीत ती मुलांना शिकवायची. म्हातारे त्याला शब्बाथशाळा म्हणत, आम्ही संडे स्कूल. मंडळीतली मुलं मोजकीच. पण आमच्या इमारतीतली आणि मागच्या इमारतीतली कितीतरी मुलं तिथे यायची, आणि त्यांच्या घरी कोणाला ख्रिस्ताचं काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या आयांना रविवारी सकाळी डोक्याला दोन घटका शांतता हवी होती, मुलांना आईची शेंगदाण्याची चिक्की हवी होती. शिवाय आईचा बोर्ड होता. प्लायवूडच्या फळीवर तिनं आजोबांची जुनी फ्लॅनेलची शाल ताणून बसवली होती. त्यावर कागदाची चित्रं ठेवली की चिकटून राहत, कारण चित्रांच्या पाठीला काचपेपरचे तुकडे लावले होते. मेंढरं पुष्कळ होती, दाढीवाला मात्र एकच. तोच कधी जहाज बांधायचा, कधी समुद्र दुभंगायचा, कधी मेंढरं राखायचा. मुलांनी कधी तक्रार केली नाही. तो बोर्डावर आला की मुलं ‘आले, आले’ म्हणून टाळ्या वाजवत.

ह्या मुलांत आमच्या समोरच्या दारातली धाकटी होती. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, कराडकडच्या. काकांची नोकरी मुंबईत, म्हणून वाशीत. आमची दोन्ही दारं दिवसभर उघडी असत आणि मधल्या पॅसेजमध्ये काकूंच्या सासूबाई गोणपाटावर बसून असत. सुरुवातीला त्या आईला ‘किरिस्ताव बाई’ म्हणायच्या आणि आमच्याकडचं पाणी घेत नसत. पुढे डोळ्यांना नीट दिसेना तरी आमचे तांदूळ त्याच निवडून द्यायला लागल्या, आणि भातात खडा लागला तरी आई पप्पांना बोलू देत नसे. धाकटी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आईच्या वर्गातली गाणी म्हणायची. आजी ताल धरायच्या. गाणं कोणाचं आहे ह्याची त्यांनी चौकशी केली नाही.

उपासना चालवणारे आधीचे पाळकसाहेब म्हातारे होते, पुलापलीकडून बसनं येत, आणि बस चुकली की त्यात देवाची इच्छा मानत. त्यांच्या जागी नवे पाळकसाहेब आले ते तरुण, नुकतेच शिकून बाहेर पडलेले, वाशीतच खोली घेऊन राहणारे. माणूस फार चांगला. कोणाकडे आजारपण असलं की हे सायकलवरून हजर. पण देवाच्या कामात ढिलाई त्यांना चालत नसे. त्यांनी कमिटीत नियम करून घेतला की ज्यानं स्वतःच्या तारणाची, म्हणजे आपण पापातून कसे सुटलो ह्याची, साक्ष दिलेली नाही त्यानं मंडळीत शिकवू नये. नियम अगदी रास्त होता. सगळ्यांनी हात वर केले, पप्पांनी सर्वांत उंच. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की सेक्रेटरींच्या मंडळींनी, म्हणजे आईनं, आजवर साक्ष दिलेली नाही.

पाळकसाहेब घरी आले. “सलाम, बाई,” आमच्यातल्या रीतीनं म्हणाले, चहा घेतला, आणि जरा संकोचूनच विचारलं, “तुमचं तारण केव्हा झालं?”

आईनं बाप्तिस्म्याचं वर्ष सांगितलं. दृढीकरणाचंही सांगितलं.

“ते मंडळीनं केलं. मी आतलं विचारतोय. तुम्ही प्रभूला केव्हा ओळखलंत?”

आई खरंच विचारात पडली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “ओळखत नव्हते असं काही आठवत नाही,” ती म्हणाली.

“असं नसतं, बाई. अंधारातून उजेडात आलं की माणसाला कळतं.”

“आणि घरात दिवा आधीपासूनच असला तर?”

पप्पा मोठ्यानं खोकले. पाळकसाहेबांचा चेहरा पडला. आई उद्धटपणे बोलत नाही हे त्यांना कळत होतं. “पुढच्या रविवारी साक्ष द्या,” ते म्हणाले. “छोटी असली तरी चालेल. पण तारीख हवी.”

ते गेल्यावर पप्पांनी मदतीचा हात पुढे केला. “काहीतरी सांग की. रागीटपणा सांग. सासूशी भांडायचीस ते सांग.”

“मी कुठे भांडायची? त्याच भांडायच्या.”

“मग तेच सांग.”

“पाप त्यांचं आणि साक्ष मी देऊ?”

आम्ही दोघं भावंडं हसून लोळलो. आई हसली नाही. रविवारी साक्षीसाठी तिचं नाव घेतलं तेव्हा ती बाकावर खाली मान घालून बसून राहिली, आणि उपासना संपल्यावर तिनं बोर्ड, चित्रांची पिशवी आणि चिक्कीचा डबा पाळकसाहेबांच्या हातात दिला. घरी येऊन तिनं नेहमीसारखा स्वयंपाक केला. मला पाळकसाहेबांचा राग आला होता, कमिटीचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त आईचा. एक वाक्य खोटं बोलली असती तर हिचं काय जात होतं, असं मला वाटत होतं. तो वर्ग म्हणजे तिचा सगळा आठवडा होता. गुरुवारी ती चित्रं कापायची, शनिवारी चिक्की करायची. आता गुरुवारी ती नुसती खिडकीशी उभी राहायची आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवरच्या म्हशी बघायची.

वर्ग मिळाला एका भाऊंना. ते महाप्याच्या बाजूला एका रसायनाच्या कारखान्यात कामाला होते, म्हणून आम्ही मुलं त्यांना फॅक्टरीभाऊ म्हणायचो. त्यांची साक्ष आमच्या मंडळीतली अव्वल. ते खरोखर पीत होते, पगार खरोखर गुत्त्यात जात होता, बायको खरोखर माहेरी निघून गेली होती. एका सुवार्तेच्या सभेत नरकाचं वर्णन ऐकून ते थरथरत बाहेर आले आणि त्यांनी बाटली गटारात ओतली, ती ओतलीच. बायको परत आली होती, पहिल्या बाकावर बसायची. ह्यात खोट काढायला जागा नव्हती. मुलांना त्यांनी तेच शिकवलं ज्यानं ते स्वतः वाचले होते. ज्या दोरानं ते विहिरीतून वर आले तोच दोर त्यांनी मुलांपुढे टाकला. मुलं विहिरीत पडलेली नव्हती, एवढंच.

दिवाळीच्या तोंडावर समोरच्या आजी गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलं. पॅसेजमधलं गोणपाट काकूंनी गुंडाळून माळ्यावर टाकलं. आई त्या दिवसांत दोन्ही घरांचा स्वयंपाक करत होती. तेराव्यानंतरच्या रविवारी धाकटी पुन्हा वर्गाला गेली, कारण घरी बसून ती नुसती आजीच्या गादीकडे बघत राहायची.

दोन दिवसांनी काकू आमच्या दारात आल्या. नेहमी त्या सरळ स्वयंपाकघरात जायच्या. त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

“वहिनी, एक इचारू? तुमच्या त्या नव्या मास्तरांनी आमच्या धाकटीला सांगितलंय, तुजी आजी आगीत हाय म्हनून.”

आईच्या हातात कणीक होती.

“पोरीनंच इचारलं म्हनं त्यास्नी, आजी कुटं गेली. त्यांनी इचारलं, आजी येशूला मानायची का. ही म्हनली, आजी खंडोबाचं करायची. मंग ते रडलं म्हनं आधी, आन् मंग सांगितलं. आता मी स्टोव्ह पेटवला की पोरगी रडती. आजीला भाजतंय म्हनती. दोन दिस झालं, धड जेवंना.” काकूंचा आवाज चढला नव्हता, हे मला अजून आठवतं. “माजी सासू कशी बी आसंल, तुमचं तांदूळ निवडलंय तिनं. तुमी बी आसंच मानता काय?”

“त्या वर्गात मी असायला हवी होते,” आई म्हणाली.

“मंग का नव्हता?”

काकू वळून आपल्या घरात गेल्या. त्यांचं दार लागलं. दिवसा त्या दाराला कडी लागलेली मी पहिल्यांदाच ऐकली. मला रडू आलं, आईला आलं नाही. तिनं कणीक मळायला घेतली आणि इतकी मळली की त्या दिवशीच्या पोळ्या वातड झाल्या.

फॅक्टरीभाऊ खोटं बोलू शकले असते असं नंतर पुष्कळ जण म्हणाले. पण त्यांनी दारूबरोबर खोटं बोलणंही सोडलं होतं, आणि दोन्ही सोडल्याचा त्यांना आम्हीच मान दिला होता. बातमी जिन्यावरून खाली गेली, मागच्या इमारतीत पोचली, आणि पुढच्या रविवारी वर्गात फक्त मंडळीची मुलं उरली. पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना ठेवली. सुवार्तेला विरोध होतोच, असं ते म्हणाले. विरोध म्हणजे काम बरोबर चाललंय ह्याची खूण. पप्पांनी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र त्यांनी समोरच्या बंद दाराकडे बघून चपला अगदी हळू काढल्या.

त्यातच बिशपसाहेब यायचे होते. वाशीच्या मंडळीसाठी सरकारकडे चर्चची जागा मागावी का हे ते ठरवणार होते, आणि पाळकसाहेबांनी त्यांना मोठ्या उत्साहानं कळवलं होतं की आमच्याकडे शेजारपाजारची इतकी मुलं येतात की बाक पुरत नाहीत. बिशपसाहेब आले तेव्हा बाक पुरून उरले. ते वयस्कर, जाडजूड, पुलावरच्या वाऱ्यानं दमलेले. तिसरीच्या बाकावर मावेनात म्हणून शिपायानं त्यांना आपलं स्टूल दिलं आणि स्वतः दाराला टेकून उभा राहिला.

उपासना झाली, प्रवचन झालं, साक्षी सुरू झाल्या. पप्पा गुत्त्याच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले. फॅक्टरीभाऊंनी बाटली ओतली. आणखी कोणी, म्हणून पाळकसाहेबांनी नुसतं रीत म्हणून विचारलं, तर बायकांच्या बाजूला आई उठून उभी राहिली. पप्पांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

“माझ्याकडे आजवर साक्ष नव्हती,” आई म्हणाली. ती तेव्हा वर्गात मुलांशी बोलायची तसंच बोलत होती, सावकाश. “आता पाप आहे. तारीखही आहे. ज्या रविवारी मी माझा वर्ग देऊन टाकला, त्या रविवारी मी पाप केलं. मी प्रभूला ओळखते हे मला ठाऊक होतं. पण केव्हापासून ते सांगता येईना, आणि तुम्हा सगळ्यांत मी कमी दिसेन म्हणून मला लाज वाटली. मी गप्प बसले. आता आमच्या समोरच्या घरातलं लेकरू स्टोव्ह पेटला की रडतं. हे पाप मी ह्या खोलीत, ह्या बाकावर, उपासना चालू असताना केलं. त्याची क्षमा मागते.”

आणि ती खाली बसली.

साक्षीनंतर जे म्हणायचं ते कोणी म्हणेना. बाहेर केलेली, सोडून देवाकडे आणलेली पापं आम्ही बरीच ऐकली होती. आमच्यातच, आमच्याच नियमानं झालेलं पाप कोणी सांगितलं तर त्यावर प्रभूची स्तुती करायची की नाही, हे पुस्तकात नव्हतं. पाळकसाहेब चादरीची सुरकुती सरळ करत राहिले. शेवटी पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, “प्रभूची स्तुती असो.” ते फॅक्टरीभाऊ होते. त्यांनी तोंड रुमालात घातलं होतं आणि त्यांची बायको पहिल्या बाकावरून मागे वळून त्यांच्याकडे बघत होती.

चहाच्या वेळी बिशपसाहेबांनी विचारलं, “मुलांचा वर्ग कोण घेतं म्हणालात?” पाळकसाहेब नियमाचे पक्के. त्यांनी मनाशी हिशोब केला असावा: पाप आहे, पश्चात्ताप आहे, तारीख आहे. “आता बाईच घेतील,” ते म्हणाले. आईच्या बशीत दोन बिस्किटं आली. तिनं ती आम्हा भावंडांना दिली. कुलूप लावताना शिपाई म्हणाला, “आज बाईंनी खरा सांगितलान.” मग पप्पांकडे वळून तो अदबीनं म्हणाला, “सायेब, तुमची बिडी आता विजवा.” त्यानंतरच्या वर्षी पप्पांनी साक्ष दिली तेव्हा ते पुन्हा एका बिडीवर आले होते, आणि उलटीही त्यांनी सांगितली.

पण वर्ग मिळाला म्हणून मुलं थोडीच मिळतात? शनिवारी आईनं चिक्की केली, समोरचं दार वाजवलं आणि काकूंना म्हणाली, “उद्यापासून वर्ग मी घेतेय. धाकटीला पाठवा असं म्हणत नाही. तुम्हाला कळवायचं म्हणून आले.” काकूंनी “बरं” एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं. चिक्कीचा वास दोन्ही घरांत भरून राहिला होता.

रविवारी फॅक्टरीभाऊ बोर्ड आणि चित्रांची पिशवी घेऊन वर्गात आले आणि तिथेच थांबले. वर्गात आम्ही मंडळीची चार टाळकी. आईनं एकेक मेंढरू बोर्डावर ठेवायला घेतलं. दाढीवाला आला, पण कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एवढ्यात दारात काकू दिसल्या, बोटाला धाकटी. काकूंनी चपला बाहेर काढल्या, आपल्या देवळात काढतात तशा, मागच्या बाकावर पदर खोचून बसल्या आणि लेकीला शेजारी बसवलं. “चालू द्या,” त्या म्हणाल्या. “काय सांगता ते मी ऐकनार हाय.”

आईला मी इतकी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. तिच्या हातातून एक मेंढरू खाली पडलं, फॅक्टरीभाऊंनी ते उचलून दिलं. हरवलेल्या मेंढराची ती गोष्ट आम्हाला पाठ होती. आई मध्यावर आली असेल, तेवढ्यात धाकटी उभी राहिली.

“बाई, माझी आजी आगीत आहे का?”

फॅक्टरीभाऊंनी मान खाली घातली. बाहेर व्हरांड्यात पाळकसाहेब वेदीची चादर हातात घेऊन चालले होते, ते दारात थांबले. आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मेंढरू टेबलावर ठेवलं, मागच्या बाकापाशी गेली आणि धाकटीसमोर खाली बसली, दृढीकरणाला बसतात तशी, गुडघ्यांवर.

“आजी कुठे आहे ते मला माहीत नाही, बाळा,” ती म्हणाली. “ती ज्याच्याकडे गेली, तो मला माहीत आहे. तो माझ्या ओळखीचा आहे. म्हाताऱ्या माणसाला भाजणारा तो नाही.”

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं. मी बघतच होते. त्यांना ह्यावर सांगता येण्यासारखं पुष्कळ होतं, ते सगळं ते शिकले होते. त्यांनी तोंड मिटलं आणि चादर छातीशी धरून तिथेच उभे राहिले.

काकू आईकडे एकटक बघत होत्या. बाजारात त्या मासा घ्यायच्या आधी त्याचा कल्ला उघडून बघायच्या, तशाच.

“कवापासनं वळख हाय तुमची?” त्यांनी विचारलं.

“तारीख नाही आठवत,” आई म्हणाली.

“मंग जुनी आसंल,” काकू म्हणाल्या, आणि लेकीचा हात धरून तिला खाली बसवलं. “बस गप. गोष्ट ऐक.”